दहा उंदीर आणि ‘सुरक्षित’ हा शिक्का

वनौषधींच्या पुड्यांवर, बाटल्यांवर आणि जाहिरातींत पूर्वी ‘शेकडो वर्षांची परंपरा’ हे शब्द हमखास असत. आता त्यांच्या जोडीला आणखी एक वाक्य येऊन बसले आहे: ‘प्रयोगशाळेत प्राण्यांवर चाचणी घेऊन सुरक्षित ठरलेले.’ एका अर्थाने हे वाक्य स्वागतार्ह आहे. औषध तयार करणाऱ्याला केवळ परंपरेचा दाखला पुरेसा वाटत नाही, पुरावा द्यावा असे वाटते, ही विज्ञानाच्या दृष्टीने पुढची पायरीच म्हणायची. पण पुरावा म्हणून जे पुढे केले जाते, त्याने नेमके काय सिद्ध होते हे तपासायला नको का?

या लेखात आम्ही तेच करणार आहोत. अनेक वनस्पतींचे अर्क एकत्र करून बनवलेल्या औषधांची प्राण्यांवरील सुरक्षितता तपासणारे निबंध आपल्याकडच्या आणि परदेशातल्या संशोधनपत्रिकांत सतत प्रसिद्ध होत असतात. त्यांतला एखादा निबंध निवडून त्याचे वाभाडे काढण्याचा आमचा हेतू नाही. हे निबंध बहुधा एकाच साच्यातून निघतात, आणि गुण-दोष दोन्ही त्या साच्यातच आहेत. तेव्हा परीक्षण साच्याचेच करू.

साचा कसा असतो

प्रथम पाच-दहा वनस्पती घेतात. त्यांची पूड पाण्यात, अल्कोहोलात किंवा दोहोंच्या मिश्रणात भिजवून अर्क काढतात आणि तो आटवतात. मग दोन चाचण्या होतात. पहिली तात्कालिक विषारीपणाची. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, हिने ठरवलेल्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीनुसार तीन-तीन उंदरांना टप्प्याटप्प्याने तोंडावाटे एकच मोठी मात्रा देतात. औषध फारसे विषारी नसावे असा अंदाज असेल तर दर किलो वजनाला २००० मिलिग्रॅम ही मात्रा दोन टप्प्यांत मिळून सहा उंदरांना दिली तरी चालते. मग १४ दिवस निरीक्षण करतात.

दुसरी चाचणी वारंवार मात्रेची, क्रमांक ४०७. हिच्यात २८ दिवस रोज औषध देतात. कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन मात्रांचे तीन गट आणि औषध न दिलेला एक तुलना गट असे चार गट. प्रत्येक गटात निदान पाच नर आणि पाच माद्या, म्हणजे दहा प्राणी. शेवटी रक्ताची तपासणी होते, प्राण्यांना मारून यकृत, मूत्रपिंड, हृदय, प्लीहा यांचे वजन घेतात आणि ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

निबंधाचा शेवट बहुतेक ठरलेला असतो. एकही उंदीर मेला नाही, रक्तातील घटकांत लक्षणीय फरक आढळला नाही, सबब हे मिश्रण सुरक्षित आहे. या ‘सबब’च्या अलीकडे जे आहे ते बव्हंशी प्रामाणिक काम असते. घोटाळा होतो तो ‘सबब’ या शब्दावर.

न मरणे आणि सुरक्षित असणे

तात्कालिक चाचणीची कल्पना १९२७ साली जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडली. ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात ती ‘मारक मात्रा ५०’. डिजिटॅलिस, इन्शुलिन अशा तीव्र औषधांची ताकद मोजून त्यांचे प्रमाणीकरण करणे हा त्याचा उद्देश होता. औषध माणसाने वर्षभर घेतले तर काय होईल, हा प्रश्न त्या पद्धतीला कोणी विचारलाच नव्हता.

साध्या मिठाचे उदाहरण घ्या. उंदरासाठी मिठाची मारक मात्रा दर किलोला सुमारे ३००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे २००० मिलिग्रॅमच्या चाचणीतून मीठ बहुधा सहीसलामत पार पडेल. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाला वाटेल तितके मीठ खाण्याची मुभा कोणी देत नाही.

याहून कठोर धडा थॅलिडोमाइडचा. पश्चिम जर्मनीत १९५७ साली हे झोपेचे औषध बाजारात आले. उंदरांना प्रचंड मात्रा दिली तरी ते मरत नाहीत, ही गोष्ट त्याच्या निर्धोकपणाचा मोठा पुरावा म्हणून सांगितली गेली. गरोदर स्त्रियांनी ते घेतले. १९६१ च्या नोव्हेंबरात तेथील बाजारातून ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांची वाढ खुंटलेली किंवा अन्य व्यंगे असलेली जन्माला आली होती. पुढे गाभण प्राण्यांवर प्रयोग झाले, तेव्हा उंदरांच्या गर्भावर या औषधाचा फारसा परिणाम होत नाही, काही जातींच्या सशांवर आणि माकडांवर मात्र होतो, असे दिसून आले. चूक दुहेरी होती. प्रश्न चुकीचा विचारला होता आणि ज्या प्राण्याला विचारला तोही त्या प्रश्नाचे उत्तर देण्याजोगा नव्हता.

उंदीर आणि माणूस यांच्या शरीरांत साम्य पुष्कळ आहे, म्हणून तर तो प्रयोगशाळेत आला. पण फरकही ध्यानात ठेवावे लागतात. उंदराला उलटी होत नाही. त्यामुळे माणसाला ज्या औषधाने मळमळून ओकारी येईल, ते उंदराच्या पोटात मुकाट्याने राहते. रॅट या प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला पित्ताशय नसते. क जीवनसत्त्व तो स्वतःच्या यकृतात तयार करतो, माणसाला ते आवळ्यातून किंवा लिंबातून मिळवावे लागते. शिवाय प्रयोगातला उंदीर तरुण, निरोगी, ठरावीक अन्न खाणारा आणि दुसरे कोणतेही औषध न घेणारा असतो. काढा घेणारा माणूस मात्र पुष्कळदा साठीचा, मधुमेहाचा आणि आधीच तीन गोळ्या घेणारा असतो.

शून्याचा अर्थ

‘दहापैकी एकालाही बाधा झाली नाही’ हे वाक्य वाचून आपल्याला वाटते, धोका शून्य. संख्याशास्त्र तसे सांगत नाही. हे समजायला वर्गातला एक खेळ पुरेसा आहे.

एका पिशवीत शंभर चिंचोके घ्या. त्यांतल्या दहांना चुना लावा. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता एक चिंचोका काढावा, पाहून परत टाकावा, पिशवी हलवावी, असे दहा वेळा करावे. चुन्याचा चिंचोका एकदाही न आलेले विद्यार्थी किती, ते मोजा. चाळीस जणांच्या वर्गात असे सुमारे चौदा निघतील. कारण एका खेपेला साधा चिंचोका येण्याची संभाव्यता ०.९, आणि दहाही खेपांना साधाच येण्याची संभाव्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.३५.

आता चिंचोक्यांच्या जागी उंदीर ठेवा. एखादे औषध दर दहांतल्या एकाला यकृताची इजा करत असेल, तरीही दहा उंदरांच्या प्रयोगात ती न दिसण्याची शक्यता ३५ टक्के आहे. शंभरांतल्या एकाला इजा होत असेल तर ती न दिसण्याची शक्यता ९० टक्के, हजारांतल्या एकाला होत असेल तर ९९ टक्के. आणि हजारात एक हे प्रमाण क्षुल्लक नव्हे. दहा लाख लोकांनी ते औषध घेतले तर हजार यकृते बिघडतील.

उलट दिशेने हिशेब केला तर असे दिसते. दहा प्राण्यांत शून्य बाधा आढळली, तर ९५ टक्के खात्रीने इतकेच म्हणता येते की बाधेचे खरे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांहून कमी आहे. यासाठी ढोबळ नियमही आहे. प्राण्यांच्या संख्येने ३ ला भागावे, म्हणजे कमाल मर्यादा मिळते. संख्या मोठी असेल तर हा नियम चांगला लागू पडतो. शंभर प्राण्यांत शून्य, तर मर्यादा ३ टक्के. ‘सुरक्षित सिद्ध झाले’ या शब्दांआड एवढी मोठी मोकळी जागा असते, आणि निबंधात ती क्वचितच सांगितली जाते.

म्हणूनच उंदरांना मोठ्या मात्रा देतात, लहान गटातही इजा दिसून यावी म्हणून. ही युक्ती योग्य आहे. पण तिचा उपयोग मात्रेनुसार वाढत जाणाऱ्या इजेपुरता. काही माणसांच्या विशिष्ट जनुकांमुळे होणारी इजा मात्रा दसपट केली तरी उंदरांत दिसत नाही, कारण ती जनुके त्यांच्यापाशी नसतात.

याचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातले आहे. भाजीतल्या चिमूटभर हळदीबद्दल कोणाची तक्रार नाही. पण अमेरिकेत हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींना यकृतदाह झाला. औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या तेथील संशोधकांनी असे दहा रुग्ण २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मांडले. त्यांतील एक दगावला. दहांपैकी सात जणांत प्रतिकारशक्तीशी संबंधित असे एकच विशिष्ट जनुकरूप सापडले. हे रुग्ण थोडे आहेत हे खरे, पण दहा उंदीर त्यांच्याबद्दल काहीच सांगू शकले नसते.

मात्रेचा हिशेब

अशा निबंधांत एक वाक्य वारंवार भेटते: ‘उंदरांना दिलेली मात्रा माणसाच्या मात्रेच्या साठपट होती.’ हा साठाचा आकडा कसा येतो ते पाहू. समजा, ६० किलो वजनाचा माणूस रोज १ ग्रॅम अर्क घेतो. म्हणजे दर किलोला सुमारे १७ मिलिग्रॅम. उंदराला दर किलोला १००० मिलिग्रॅम दिले, की भागाकार साठाच्या आसपास येतो.

पण लहान प्राण्याच्या शरीरातील चयापचय वेगाने चालते आणि औषध लवकर निचरा होऊन जाते. म्हणून मात्रांची तुलना वजनावर न करता शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने करण्याची रीत आहे. त्यासाठी रॅटची मात्रा ६.२ ने आणि माउस या छोट्या उंदराची १२.३ ने भागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आकडे आहेत. त्याप्रमाणे उंदराची १००० मिलिग्रॅम म्हणजे माणसाची दर किलोला सुमारे १६१ मिलिग्रॅम, अर्थात ६० किलोच्या माणसाला सुमारे ९.७ ग्रॅम. साठपटीचे अंतर आता जेमतेम दहापटीवर आले. आणि नवे औषध माणसाला प्रथम देताना त्याच मार्गदर्शनाप्रमाणे आणखी निदान दहाने भागावे लागते. भागून पाहा, उरतो जवळजवळ १ ग्रॅम, म्हणजे आज घेतली जाते तीच मात्रा. राखीव असे काहीच उरत नाही.

अर्काबाबत आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: किती वनस्पतीचा किती अर्क? दहा किलो वाळलेल्या पाल्यातून एक किलो अर्क निघत असेल, तर एक ग्रॅम अर्क घेणारा माणूस दहा ग्रॅम पाला घेत असतो. ‘आमचे पूर्वज हेच घेत होते’ हे म्हणणे अशा वेळी टिकत नाही. पूर्वज पाण्यात उकळलेला काढा घेत. अल्कोहोलात विरघळणारी पण पाण्यात न विरघळणारी द्रव्ये त्या काढ्यात फारशी उतरत नसत. भारतीय नियमांतही हा भेद मानला आहे. २०१० साली घातलेल्या १५८-ब या नियमाप्रमाणे ग्रंथोक्त औषध ग्रंथोक्त उपयोगासाठीच विकायचे असेल तर वेगळा सुरक्षितता अभ्यास मागितला जात नाही, पाणी किंवा पाणी-अल्कोहोल यांखेरीज अन्य द्रावकाने काढलेल्या अर्कासाठी मात्र विषारीपणाच्या चाचण्या आवश्यक आहेत.

एकत्र आल्यावर

आता मिश्रणाचा मुख्य मुद्दा. दहा वनस्पती सारख्या प्रमाणात मिसळल्या आणि मिश्रण २००० मिलिग्रॅम दिले, तर प्रत्येक वनस्पती फक्त २०० मिलिग्रॅम पोटात जाते. त्यांतली एखादी एकटी ५०० मिलिग्रॅमला विषारी असली, तरी मिश्रण चाचणीतून सुटते. मग उद्या त्याच ‘सुरक्षित’ यादीतून उत्पादकाने तिचे प्रमाण तिप्पट केले, तर आधीचा निष्कर्ष त्याला लागू पडत नाही. चाचणी होते ती त्या एका मिश्रणाची, त्या एका प्रमाणाची. यादीतल्या नावांची चाचणी होत नाही.

दुसरी गोष्ट, एक घटक दुसऱ्याचा परिणाम वाढवू शकतो. याचा सुरेख अभ्यास बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. हळदीतले कर्क्युमिन आतड्यात आणि यकृतात झपाट्याने रूपांतरित होऊन बाहेर टाकले जाते. मिऱ्यातले पाइपरीन हे रूपांतर रोखते. उंदरांत कर्क्युमिनबरोबर पाइपरीन दिल्यावर शरीराला उपलब्ध होणारे कर्क्युमिन १५४ टक्क्यांनी वाढले. माणसांत ही वाढ २००० टक्के भरली. एकच जोडी, पण उंदरात अडीचपट आणि माणसात एकवीसपट! कोणी उंदरावरून माणसाचा अंदाज बांधला असता तर तो कितीने चुकला असता, ते विद्यार्थ्यांना काढायला सांगावे.

गंमत अशी, की याच अभ्यासाचा दाखला देऊन मिरे घातलेल्या हळदीच्या गोळ्या ‘अधिक गुणकारी’ म्हणून विकल्या जातात. जे औषध वीसपट जास्त शरीरात जाईल ते वीसपट जास्त यकृतातही जाईल, हा विचार मात्र जाहिरातीत नसतो. वर सांगितलेल्या दहा रुग्णांपैकी तिघांच्या गोळ्यांत मिऱ्याचा अंश सापडला. आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. गुण सांगताना घटक एकमेकांना बळ देतात असे म्हणायचे, आणि दोषांचा विचार करताना प्रत्येक घटक एकेकटा निर्धोक आहे एवढ्यावर भागवायचे, ही दोन मापे झाली. एकमेकांना बळ देण्याची शक्यता मान्य केली की ती दोन्ही बाजूंनी मान्य करावी लागते.

दहा घटकांच्या ४५ जोड्या होतात, १२० तिकड्या होतात. सगळ्या तपासणे कोणाला शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण रुग्ण आधीच जी औषधे घेत असतो, त्यांच्याशी होणारी जोडी तरी विसरू नये. युरोपात उदासीनतेवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीमुळे सायक्लोस्पोरिन हे औषध शरीरातून लवकर नाहीसे झाले आणि हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांची शरीरे ते हृदय नाकारू लागली, असा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. ती वनौषधी स्वतः विषारी ठरली नव्हती. धोका जोडीत होता.

हा विचार आयुर्वेदाला परका आहे असेही नाही. चरकसंहितेत विरुद्ध आहाराचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत संयोगविरुद्ध हा एक आहे. स्वतंत्रपणे चांगले असलेले दोन पदार्थ एकत्र आल्यावर अपायकारक ठरू शकतात, हे तेथे स्पष्टपणे मानले आहे. बचनाग, कुचला, बिब्बा, गुंज यांची शुद्धी केल्याखेरीज ती वापरू नयेत हा दंडकही जुनाच. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे सूत्र जाहिरातीचे आहे, शास्त्राचे नाही.

पुडीत नेमके काय आहे

वनस्पतीची ओळख हा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. ब्रसेल्समधील एका वजन उतरवण्याच्या दवाखान्यात १९९० पासून उपचारात दोन चिनी वनस्पती घातल्या गेल्या. त्यांतील एकीच्या जागी नावातल्या साधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया कुळातील भलतीच वनस्पती आली. १९९३ साली बेल्जियमच्या डॉक्टरांनी तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होत असल्याचे जाहीर केले. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. २००० सालच्या अहवालात, निकामी मूत्रपिंडे काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला.

या कुळातील वनस्पती कित्येक शतके औषधात होत्या. ग्रीक नावाचा अर्थच ‘उत्तम प्रसूती’ असा आहे. आपली ईश्वरी याच कुळातली. एवढ्या दीर्घ वापरातून हा धोका ध्यानात का आला नाही? कारण परंपरेला उलटी, जुलाब, चक्कर हे तातडीचे परिणाम चांगले कळतात. दहा वर्षांनी होणाऱ्या कर्करोगाचा संबंध कोणी कधीकाळच्या काढ्याशी जोडत नाही.

आपल्याकडचे उदाहरण गुळवेलीचे. करोनाच्या साथीत ‘प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी’ गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात यकृतदाह झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली मांडले. आयुष मंत्रालयाने हे अमान्य केले. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, दिसायला सारखी अशी तिच्याच प्रजातीतली दुसरी जात घेतली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे पडले. २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. अनेकांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. या वादात कोणाचीही बाजू घेतली तरी निष्कर्ष एकच निघतो. मंत्रालयाचे म्हणणे खरे असेल, तर प्रयोगशाळेतल्या अस्सल गुळवेलीवरची चाचणी बाजारातल्या पुडीला लागू नाही. डॉक्टरांचे खरे असेल, तर निरोगी उंदरांवरची चाचणी अशी प्रवृत्ती असलेल्या माणसाला लागू नाही.

म्हणून निबंध हाती आला की आधी हे पाहावे: वनस्पतीचा नमुना कोणी ओळखला, आणि तो कोठे जपून ठेवला आहे? मुंबईचा ब्लाटर वनस्पतिसंग्रह, पुण्याची आघारकर संशोधन संस्था अशा ठिकाणी ही सोय आहे. ‘स्थानिक बाजारातून विकत आणले’ एवढेच लिहिलेले असेल, तर पुढचे तक्ते वाचण्यात फार वेळ घालवू नये.

‘लक्षणीय फरक नाही’

तक्त्यांबद्दलही थोडे. तीन गटांत प्रत्येकी पंचवीस घटक मोजून तुलना गटाशी ताडले, तर ७५ तुलना होतात. पाच टक्क्यांची कसोटी लावली तर औषध निव्वळ पाणी असले तरी तीन-चार फरक योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरतील. हे लेखकांना ठाऊक असते. म्हणून यकृताचे एखादे एन्झाइम वाढलेले दिसले की ते लिहितात, ‘हा फरक मात्रेनुसार वाढत नाही, सबब महत्त्वाचा नाही.’ ठीक आहे. पण त्याच तक्त्यात कोलेस्टेरॉल घटलेले दिसले, की चर्चेत त्यावर दोन परिच्छेद येतात. योगायोग फक्त वाईट बातमीलाच लागू करायचा, ही निवड विज्ञानाची नव्हे. शिवाय गट लहान असतील तर खरा फरकही कसोटीतून निसटतो. ‘फरक सापडला नाही’ आणि ‘फरक नाही’ या दोन वाक्यांतले अंतर विद्यार्थ्यांना एकदा नीट समजले, की वर्तमानपत्रातल्या निम्म्या आरोग्यवार्ता ते स्वतः तपासू शकतील.

मग प्राण्यांवरील चाचण्या निरर्थक का?

नाही. वरील सगळे वाचून कोणी ‘उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तेव्हा सगळेच फोल’ असे म्हणू लागेल, तर तेही आम्हाला मान्य नाही. ॲरिस्टोलोकियातले आम्ल उंदरांत कर्करोग उत्पन्न करते हे १९८२ सालीच प्रसिद्ध झाले होते. जिवाणूंवरील साध्या चाचणीतही त्याच सुमारास ते जनुकांत बिघाड करते असे दिसले होते. ब्रसेल्सची घटना त्यानंतर आठ-दहा वर्षांनी घडली. उंदराने इशारा दिला होता, ऐकणारे कोणी नव्हते. चाचणीत वाईट काही दिसले, तर ते गांभीर्याने घ्यावे. काही दिसले नाही, तर पुढची चाचणी करण्याचा परवाना मिळाला एवढेच समजावे.

या चाचणीची किंमतही विसरता कामा नये. २८ दिवसांच्या एका अभ्यासात चाळीस प्राणी मारले जातात. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्याखाली समिती आहे आणि प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ सालीच सांगितले होते की शक्य तेथे प्राण्यांऐवजी दुसरी पद्धत वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. आपण शाळेत जीवदयेचे धडे देतो, तेव्हा हाही मुद्दा सांगावा की वनस्पतीची ओळखच न पटवलेल्या अर्कासाठी चाळीस जीव घेणे हे वाईट विज्ञान आहे आणि म्हणूनच वाईट वागणूकही आहे.

चांगला अभ्यास कसा असतो? नमुना ओळखलेला आणि जपलेला असतो. अर्काची रासायनिक ओळख, त्यातील जड धातूंची तपासणी दिलेली असते. जनुकीय बिघाडाची चाचणी प्राण्यांआधी जिवाणूंवर केलेली असते. प्राणी गटांत चिठ्ठ्या टाकून वाटलेले असतात आणि काप पाहणाऱ्याला कोणता काप कोणत्या गटाचा हे माहीत नसते. औषध महिनोन्‌महिने घ्यायचे असेल तर अभ्यासही निदान ९० दिवसांचा असतो. शेवटी ‘सुरक्षित’ असा शिक्का न मारता ‘या अर्काची, या जातीच्या उंदरांत, इतक्या दिवसांत दुष्परिणाम न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा अमुक’ असे लिहिलेले असते. वाक्य लांबलचक आहे, बाटलीवर मावणार नाही. पण खरे आहे. आणि बाजारात आल्यावरही नोंद चालूच राहावी लागते. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय योजना २०१८ पासून आहे. तिच्याकडे तक्रार करता येते हे रुग्णांना आणि डॉक्टरांनाही ठाऊक हवे.

शिक्षकांनी हा विषय वर्गात नेताना आजीच्या काढ्याची थट्टा होऊ देऊ नये. तिचा काढा, त्याची मात्रा आणि ती ज्यासाठी तो देते ते दुखणे, तिघांनाही मर्यादा असतात आणि आजीला त्या माहीत असतात. बाटलीवरचा शिक्का मर्यादा सांगत नाही. एखादी जाहिरात वर्गात आणावी आणि मुलांना पाच प्रश्न विचारू द्यावेत: कोणती वनस्पती? कोणता अर्क? किती प्राणी? किती दिवस? माणसाच्या हिशेबाने किती मात्रा? पाचांपैकी किती उत्तरे बाटलीवर, पत्रकात किंवा निबंधात सापडतात ते फळ्यावर लिहावे, आणि ती बाटली घरी कोण घेते, सोबत आणखी कोणती औषधे घेते, हे मुलांनी घरी जाऊन विचारावे.